आधी गाव दाखवा, गट नंतर विचारा

ज्याला गट नंबर पाठ आहे तो सातबारा शोधत नाही, नुसता काढतो. शोधायची वेळ ज्याच्यावर येते त्याला नंबर ठाऊकच नसतो. आणि आपल्या सरकारी संकेतस्थळांचे पडदे नेमकं त्यालाच म्हणतात, आधी नंबर टाका.

महाभूलेख उघडा. जिल्हा निवडा, तालुका निवडा, गाव निवडा. मग सर्व्हे नंबर किंवा गट नंबर द्या. मोबाइल नंबर द्या. वेडीवाकडी अक्षरं ओळखून चौकटीत भरा. नावानं शोधायचीही सोय आहे आणि ती दिल्याबद्दल खात्याचे आभारच मानले पाहिजेत, पण तिथंही आधी गाव अचूक हवं आणि नावाची अक्षरं नोंदीतल्या अक्षरांशी जुळायला हवीत. या सगळ्या वाटेत पडदा तुम्हाला काहीच दाखवत नाही, फक्त मागत राहतो. शेवटी पान मिळतं, नाहीतर रिकामी चौकट.

तलाठी कचेरीची खिडकी उचलून मोबाइलमध्ये बसवली, एवढंच झालं आहे.

त्या खिडकीपलीकडं पूर्वी माणूस तरी बसायचा. तुम्ही कुणाचे? थोरल्याचे की धाकट्याचे? शेत ओढ्याच्या अलीकडं की पलीकडं? विहीर सामाईक आहे का? असं चार ठिकाणी चाचपून तलाठी बरोबर पानावर यायचा. त्याची मर्जी सांभाळणं, हेलपाटे, वरचे पैसे हे सगळं त्या व्यवहाराला चिकटलेलं होतं आणि ते सुटत चाललंय हे फार चांगलं आहे. पण त्याच्याबरोबर चाचपण्याची सोयही गेली. माणसाला जमीन आठवते ती शेजाऱ्यावरून, ओढ्यावरून, बांधावरच्या आंब्यावरून. म्हणूनच खरेदीखतात चतुःसीमा लिहितात: पूर्वेला अमक्याचा गट, पश्चिमेला पाणंद, दक्षिणेला ओढा. जागा शेजारावरून सापडते हे दस्त लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. पडदे आखणाऱ्यांनी त्यांना विचारलं असतं तर बरं झालं असतं.

याचा सर्वांत मोठा फटका लेकींना बसतो. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली वारसा कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. नगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात जन्मलेली, लग्न होऊन पुण्याला गेलेली बाई घ्या. तिला वडिलांचं नाव माहीत असतं, गाव माहीत असतं, विहिरीलगतचा तुकडा डोळ्यांसमोर असतो. गट नंबर तिला कुणी कधी सांगितलेला नसतो, तो भावाच्या फायलीत असतो. नावानं शोधावं, तर ‘भाऊसाहेब’ की ‘भाउसाहेब’, टंकणाऱ्यानं काय टंकलं होतं त्यावर सगळं अडतं. भावाचं काम मिनिटात होतं, बहिणीचं अडतं. असा पडदा वाटणीच्या वादात भावाच्या बाजूनं उभा असतो, मग तो आखणाऱ्याच्या मनात तसं काही असो वा नसो.

आणि तिच्या मुलीला तर गावही अर्धंच ठाऊक असतं. ‘आजोळ पिंपळगाव.’ कोणतं? नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आहे, पिंपळगाव उज्जैनी आहे. श्रीगोंद्यात पिंपळगाव पिसा, पारनेरात पिंपळगाव रोठा, अकोल्यात पिंपळगाव खांड. नकाशावर ही पाचही एका नजरेत दिसली असती तर ‘कोरठणच्या खंडोबाचं ते आमचं’ म्हणून तिनं पारनेरातल्या रोठ्यावर बोट ठेवलं असतं. यादीत मात्र आधी तालुका निवडावा लागतो, आणि तालुका चुकला की गाव त्या यादीत असतच नाही. पडदा सांगतही नाही की शेजारच्या तालुक्यात याच नावाचं गाव आहे. २०२४ साली जिल्ह्याचं नावही बदललं. जुन्या कागदावर अहमदनगर, नव्यावर अहिल्यानगर. जुनं नाव लिहिणाऱ्यालाही नव्या नावाच्या दारात नेऊन सोडणं, हे यंत्राचं काम आहे. माणसानं का लक्षात ठेवायचं?

हे प्रश्न जगात कुणाला पडलेच नव्हते असं नाही. मेरीलँड विद्यापीठातल्या बेन श्नायडरमन यांनी १९९६ साली मोठ्या माहितीसाठ्यांसाठी एक साधा क्रम मांडला. आधी सगळ्याचं एकत्र चित्र दाखवा. मग माणसाला जवळ जाऊ द्या, नको ते गाळू द्या. बारीक तपशील शेवटी, तोही त्यानं मागितला तर. त्याआधी चारेक वर्षं त्यांनी आणि क्रिस्टोफर विल्यमसन यांनी वॉशिंग्टनच्या परिसरातली विकाऊ घरं शोधण्यासाठी एक पडदा बनवला होता. नकाशावर प्रत्येक घर एक ठिपका. बाजूला सरकपट्ट्या: किंमत, खोल्या, कामाच्या जागेपासूनचं अंतर. पट्टी सरकवली की ठिपके तिथल्या तिथं कमी-जास्त होतात. ‘शोधा’ असं बटण नाही, वाट बघणं नाही, रिकामी चौकट नाही. आपल्या बजेटात त्या भागात काहीच बसत नाही हे माणसाला कुणी सांगावं लागत नाही, पट्टी ओढतानाच दिसतं. ही गोष्ट तीस वर्षांपूर्वीची आहे. त्या काळच्या यंत्रांपेक्षा आज खेड्यातल्या पोराच्या खिशातला मोबाइल कितीतरी ताकदवान आहे.

आपल्याकडं काहीच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. महाभूनकाशावर गावाचा नकाशा येतो, गटावर बोट टेकवलं की त्या गटाची माहिती येते. हेच ते. हीच दिशा. मग हा नकाशा बाजूच्या वेगळ्या दारात का? सातबारा शोधायला आलेल्या माणसापुढं पहिल्यांदा तोच उघडायला हवा. गाव, गावठाण, ओढा, रस्ता, मारुतीचं देऊळ. इथून माणूस स्वतःच्या पायानं स्वतःच्या शेतापर्यंत जातो.

आणि ज्याला नकाशा वाचता येत नाही त्याच्यासाठी? त्याच्यासाठी माझी एक सूचना आहे, आणि ती मी पूर्ण गांभीर्यानं करतो. त्याच्यापुढं कोरा सातबारा ठेवा.

सातबाऱ्याचा चेहरा इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ओळखीचा आहे. वर गाव नमुना सात, खाली बारा. भोगवटादाराचं नाव कुठं असतं, क्षेत्र कुठं, आकार कुठं, इतर अधिकारात सोसायटीचा बोजा कुठं दिसतो, पीक कुठल्या रकान्यात, हे अक्षरओळख जेमतेम असलेला माणूसही बोट ठेवून दाखवतो. ही केवढी मोठी शिदोरी आहे. आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी १९७०च्या दशकात नेमकी हीच कल्पना काढली होती. वापरणाऱ्याला संगणकाची भाषा शिकवू नका, त्याला रिकामा तक्ता द्या. त्याला जे माहीत असेल ते त्यानं योग्य रकान्यात भरावं, उरलेलं यंत्रानं शोधून द्यावं. आपल्याकडं तर तो तक्ता पिढ्यान्‌पिढ्या घरोघरी आहे. बाईनं भोगवटादाराच्या जागी वडिलांचं नाव लिहावं, क्षेत्राच्या जागी ‘दोन एकरांच्या आसपास’, पिकाच्या जागी ‘ज्वारी’, सिंचनाच्या जागी ‘विहीर’. जुळणारे पाच गट समोर यावेत. त्यातला आपला तिला एका नजरेत कळेल.

नमुना बदलायचा नाही असं तर काही नाही. २०२० साली सातबाऱ्याच्या मांडणीत बदल झाले. खातेदाराच्या नावासमोरच खाते क्रमांक आला, कमी झालेल्या नोंदींवर आडवी रेघ आली, दोन नावांच्या मध्ये रेषा आली. वाचणाऱ्याचा विचार करून केलेले हे बदल आहेत आणि ते उत्तम आहेत. तेव्हा महसूलमंत्री होते संगमनेरचे बाळासाहेब थोरात. त्यानंतर २०२२ ते २०२४ या काळात ते खातं लोणीच्या राधाकृष्ण विखे पाटलांकडं होतं. म्हणजे राज्याच्या जमिनीच्या कागदांची सूत्रं बरीच वर्षं याच जिल्ह्यात होती. कागद वाचायला सोपा झाला. तो सापडायलाही सोपा व्हावा, हे काम राहिलं.

आता दुसरं उदाहरण. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर २०२३च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि पुढं राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. जन्म-मृत्यूची नोंद असलेला गाव नमुना चौदा, शाळांची जनरल रजिस्टरं, जुनी महसुली दफ्तरं, बरंचसं मोडीत. लाखो नोंदी सापडल्या. कर्मचाऱ्यांनी आणि मोडी वाचकांनी उपसलेला हा ढीग पाहून छाती दडपते. आणि मग अनेक जिल्ह्यांनी तो पीडीएफ करून संकेतस्थळांवर टाकला. तालुका, त्याखाली गाव, त्याखाली एक जाडजूड फाइल, त्यात स्कॅन केलेली पानं. पणजोबाचं नाव शोधायला आलेला माणूस मोबाइलवर अंगठ्यानं पानंच पानं वर सरकवत बसला. अनेकांना शेवटी पैसे देऊन जाणकार गाठावा लागला.

ज्यानं एवढं खणून काढलं त्यानं ते वापरण्याजोगं मांडायला नको? माणसाला पणजोबाबद्दल काय काय माहीत असतं ते बघा. गाव माहीत. साल अंदाजे, ‘स्वातंत्र्याच्या आधी वीस-पंचवीस वर्षं’. नाव माहीत, आडनाव बऱ्याचदा नोंदीत नसतंच. शाळेत गेले होते की नाही, हेही माहीत. या प्रत्येक बाजूनं आत शिरता आलं पाहिजे, आणि एका बाजूनं शिरल्यावर दुसरीकडून गाळता आलं पाहिजे. एकच वस्तू अनेक पैलूंनी लावून ठेवायची ही रीत आपल्याच देशातल्या एका ग्रंथपालानं ग्रंथालयांना शिकवली. एस. आर. रंगनाथन, मद्रास, १९३३, द्विबिंदू वर्गीकरण. पुढं बर्कलीच्या मार्टी हर्स्ट यांनी तेच तत्त्व पडद्यावर आणलं आणि आज बूट विकणारं प्रत्येक ऑनलाइन दुकान माप, रंग, किंमत अशा खुणांनी तीच रीत वापरतं. बुटाला जी सोय आहे ती पणजोबाच्या नावाला हवी.

आणखी एक. मेरीलँडच्याच लोकांनी १९९०च्या दशकात नासाच्या पृथ्वीविषयक माहितीसाठी पडदे आखताना एक सभ्य पद्धत आणली. शोधायच्या आधीच प्रत्येक पर्यायापुढं आकडा दाखवायचा, इथं किती आहे. ज्या गावाच्या १९२० ते १९३० या दहा वर्षांच्या नोंदी मुळात मिळालेल्याच नाहीत, तिथं शून्य दिसू दे. माणूस तासभर धडपडून रिकाम्या हातानं परतणार नाही. नोंद नाही की मला शोधता आली नाही, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. आरक्षणासारख्या विषयात तर ते अंतर एखाद्या मुलाच्या प्रवेशाएवढं असतं.

आकडे वाचता येत नाहीत म्हणून लोक मागं पडतात, असं मला अधूनमधून ऐकवलं जातं. साफ खोटं. पावसाळ्यात राहुरी-नेवाशातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर जा. मुळा २६ टीएमसीचं, आज किती भरलं, काल किती होतं, भंडारदरा ११चं, निळवंडे सव्वाआठचं, आवक किती, विसर्ग किती, हे टपरीवाला तुम्हाला न बघता सांगतो. स्थानिक वर्तमानपत्रांतला धरणसाठ्याचा तक्ता हा या जिल्ह्यातला सर्वांत जास्त वाचला जाणारा माहितीचा पडदा आहे. तो का चालतो? कारण त्यात आजच्या आकड्याशेजारी पूर्ण क्षमता छापलेली असते. एकटा आकडा मुका असतो. पूर्णाच्या शेजारी ठेवला की बोलायला लागतो.

आणि सरासरी तर आकड्याला खोटं बोलायला लावते. सतरा हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा, क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, चौदा तालुके. अकोल्यात घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारांच्या मिलिमीटरमध्ये पडतो. कर्जत-जामखेडला तो शेकड्यांत संपतो. या दोघांची बेरीज करून काढलेली जिल्ह्याची सरासरी ही कुठल्याच गावाची नसते. नकाशावर मंडळवार रंग भरा, सह्याद्रीची गडद कड आणि पूर्वेकडं फिका होत गेलेला पट्टा कुणाही पोराला दिसेल. दुष्काळ जाहीर करताना अधिकाऱ्याला आणि शेतकऱ्याला एकच चित्र समोर ठेवून भांडता येईल. आज दोघांकडं वेगवेगळे तक्ते असतात.

हिवरे बाजारनं हे कधीच करून दाखवलं आहे, संगणकाशिवाय. पोपटराव पवार १९८९ साली सरपंच झाले. तिथं पाऊस गावातच मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि पाण्याचा ताळेबंद फलकावर लिहून ग्रामसभेपुढं मांडतात. जमा किती, माणसांना आणि जनावरांना किती, मग उरलेल्यात कुठलं पीक. ऊस-केळी नको, शेतीसाठी बोअर नको, हे नियम त्या आकड्यांच्या बळावर टिकले. फलकापुढं उभं राहिलेल्या माणसाला पूर्ण चित्र दिसतं आणि त्यातला आपला वाटाही दिसतो. पाऊस कमी झाला तर गहू नको हे सरपंचानं बजावण्याआधी फलकच सांगतो. अशा फलकाला कुणी माहितीचा पडदा म्हणत नाही. मी म्हणतो, आणि राज्यातल्या कुठल्याही सरकारी ॲपपेक्षा चांगला म्हणतो.

राळेगणसिद्धी इथून लांब नाही. अण्णा हजारेंच्या आंदोलनांच्या रेट्यातून महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा आला, २००२चा. २००५च्या केंद्रीय कायद्याचं चौथं कलम लोक विसरतात. त्यात स्पष्ट आहे की कचेरीनं दफ्तर सूची करून, लावून ठेवायचं, आणि लोकांनी मागण्याआधी माहिती बाहेर ठेवायची, तीही स्थानिक भाषेत आणि त्या भागात जी पद्धत सर्वांत परिणामकारक त्या पद्धतीनं. म्हणजे नीट आखलेला पडदा हा कायद्यानं बांधून दिलेला हक्क आहे. पाचशे पानांची पीडीएफ टाकून तो पुरा होत नाही.

एक आक्षेप खरा आहे आणि तो मला मान्य आहे. सगळ्या गावाच्या जमिनी नावानिशी चाळता आल्या तर पहिला चाळणारा शेतकरी नसेल, जमिनीचा दलाल असेल. एकट्या विधवेचा गट, वारस न लागलेला गट, परदेशी गेलेल्याचा गट, हे त्याला आयतं मिळेल. म्हणून चाळायला गाव, क्षेत्र, पीक, पाणी मोकळं ठेवा. नाव एका गटापुरतं, विचारणाऱ्याची ओळख नोंदवून आणि खातेदाराला ‘तुमचा उतारा पाहिला गेला’ असा संदेश पाठवून. यासाठी डोकं लावावं लागेल. तेवढं डोकं या राज्यात आहे.

आणि शेवटी कांदा, कारण नगर जिल्ह्यात पडद्याची खरी परीक्षा कांद्यावरच होते. घोडेगाव, वांबोरी, नेप्ती, पारनेर, इथले भाव रोज मिळतात: आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त, सर्वसाधारण. पण भाव कळतो तेव्हा कांदा काढून झालेला असतो. शेतकऱ्याला खरं लागतं ते लागणीच्या वेळी: आजूबाजूला किती कांदा उभा राहतोय? ही माहिती १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर शेतकरी स्वतः भरतो आहे. ई-पीक पाहणीत तो बांधावर उभा राहून पिकाचा फोटो काढतो, फोटोबरोबर अक्षांश-रेखांश जातात. उन्हात, रेंज शोधत, त्यानं राज्याला आपलं पीक दाखवलं. राज्यानं त्याला शेजाऱ्यापाजाऱ्याचं एकूण चित्र दाखवायला हवं, नावं वगळून. तालुक्याचा नकाशा, कांद्याखालच्या क्षेत्राचा रंग, खाली एक सरकपट्टी: मागच्या वर्षी याच आठवड्यात किती, यंदा किती. उन्हात वाचता येईल एवढी मोठी अक्षरं. बस्स.

उन्हाळ कांद्याच्या लागणी डिसेंबर-जानेवारीत उरकतात. तोपर्यंत हा नकाशा दर आठवड्याला भरत गेला तर उशिरा लागण करणारा पारनेरचा शेतकरी अर्ध्या रानात दुसरं पीक घ्यायचा निर्णय अजून घेऊ शकतो. मार्चमध्ये छापून आलेला तोच नकाशा त्याच्या काही कामाचा नाही.